थारच्या रॉक स्लायडरविषयी मित्रास पत्र

सातारा

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. चांदोलीकडच्या ओढ्यात दगडावर टेकून तुझ्या थारच्या दाराखालची पट्टी आत दबली आणि तेव्हापासून डावे दार लावताना घासते, हे वाचून वाईट वाटले. दुकानात मिळणारे चकचकीत फूटस्टेप बसवावेत की शिराळ्याच्या ट्रॉली बांधणाऱ्या मिस्त्रींकडून रॉक स्लायडर, म्हणजे दाराखालून जाणारे जाड संरक्षक पाइप, करून घ्यावेत, असे तू विचारले आहेस. माझे मत निःसंदिग्ध आहे : मिस्त्रींकडून करून घे. उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉलीची चेसिस, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, जो माणूस वर्षानुवर्षे बांधतो, त्याला भार कुठून कुठे जातो हे सांगावे लागत नाही. मात्र ट्रॉली आणि थार यांत काही फरक आहेत. ते तुला आधी समजले, तर मिस्त्रींशी बोलताना तुझा गोंधळ होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

थारची बॉडी चेसिसवर रबरी माउंटवर बसलेली असते. दारांखालची जी पट्टी तुझी दबली, ती बॉडीचा भाग आहे. तिचा पत्रा पातळ असून तो दाराची चौकट सरळ ठेवण्यासाठी असतो, गाडीचे वजन पेलण्यासाठी नव्हे. स्लायडरचे सारे काम एवढेच की दगड लागला तर तो भार त्या पट्टीपर्यंत पोहोचू न देता थेट चेसिसला द्यायचा. म्हणून स्लायडरचा एकही बोल्ट, एकही टाका बॉडीला लागता कामा नये. दुकानातले बहुतेक फूटस्टेप पातळ नळीचे असतात आणि काही तर बॉडीच्या खालच्या कडेलाच अडकवलेले असतात. त्यांवर माणूस पाय ठेवील, पण गाडी टेकली तर नळी वाकून पट्टीत घुसेल आणि नुकसान आहे त्याहून वाढेल. रबरी माउंटमुळे बॉडी चेसिसच्या तुलनेत थोडी हलते, त्यामुळे स्लायडर आणि पट्टी यांत किमान 20 ते 25 मि.मी. फट ठेव. फट दिसायला बरी दिसत नाही म्हणून ती बुजवण्याचा आग्रह कोणी केला, तरी ऐकू नकोस.

आता मापे. नव्या तीन-दारी थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, 2450 मि.मी. आहे आणि 255/65 आर 18 टायरचा व्यास सुमारे 790 मि.मी. भरतो. म्हणजे दोन टायरांच्या मध्ये साधारण 1660 मि.मी. जागा उरते. पुढचे चाक पूर्ण वळते आणि मागचे चाक खालीवर होते, त्यासाठी दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडली की स्लायडरची लांबी दीड मीटरच्या आसपास येते. तुझ्या गाडीला मोठे टायर असतील तर आधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा आणि मगच पाइप काप.

मिस्त्री पाइपाविषयी पुष्कळ बोलतील, पण माझा अनुभव असा की स्लायडर वाकतो तो बहुधा पायांपाशी, म्हणजे पाइपाला चेसिसशी जोडणाऱ्या आडव्या तुकड्यांपाशी. बाहेरचा पाइप 48.3 मि.मी. व्यासाचा आणि 4 मि.मी. जाडीचा पुरतो. बाजारात तो दीड इंची हेवी म्हणून मिळतो, पण पाण्याच्या लाइनीचा न घेता आय.एस. 1161 या मानकाचा स्ट्रक्चरल पाइप माग, आणि गॅल्व्हनाइज्ड मुळीच घेऊ नकोस, कारण जस्ताच्या थरावर वेल्डिंग केले की निघणारा धूर विषारी असतो व त्याने मिस्त्रींना थंडी-ताप भरतो. पायांचा हिशेब मात्र मी कागदावर करून पाहिला. माणसे आणि सामान धरून गाडी दोन टन मानली आणि एका बाजूचा एक टन भार दुर्दैवाने एकाच पायावर आला, तर चेसिसपासून पाव मीटर अंतरावरच्या त्या भाराने मुळाशी सुमारे 2450 न्यूटन मीटरचा वाकवणारा जोर पडतो. पाय त्याच गोल पाइपाचा असेल तर पोलादातला ताण 430 न्यूटन प्रति चौरस मि.मी.च्या घरात जातो, आणि साधे स्ट्रक्चरल पोलाद 250च्या आसपासच कायमचे वाकू लागते. तोच पाय 50 बाय 50 मि.मी.च्या, 4 मि.मी. जाडीच्या चौकोनी नळीचा केला तर ताण 240च्या जवळ येतो. म्हणजे जेमतेम तगतो. त्यातही गाडी हळू टेकली असे आपण गृहीत धरले आहे. भार एकदम पडला, तर काही उंचीवरून न आदळताही ताण दुप्पट होतो. म्हणून प्रत्येक बाजूला तीन पाय घे, ते चौकोनी नळीचेच घे, आणि प्रत्येक पायाच्या मुळाशी 6 मि.मी. प्लेटचे त्रिकोणी गसेट, म्हणजे कोपऱ्याला आधार देणारे तुकडे, लाव. बाहेरच्या पाइपाला आतून समांतर दुसरा पाइप जोडला की भार एकाच पायावर न येता तिघांत वाटला जातो. एवढे केले तर एका बाजूचे वजन 18-20 किलोपर्यंत जाईल. ते मला मान्य आहे.

चेसिसला पाय वेल्ड करावेत की बोल्टने जोडावेत, यावर आपल्याकडे बरीच मतमतांतरे आहेत. तुझी गाडी वॉरंटीत आहे आणि चेसिसच्या पोलादावर उष्णतेने होणारा परिणाम तुला नंतर पाहता येणार नाही, म्हणून बोल्टच योग्य. चेसिसवर कंपनीने आधीच दिलेली भोके वापरता आली तर उत्तम. नवे भोक पाडावेच लागले, तर ते चेसिसच्या उभ्या बाजूच्या मध्यभागी पाड. वरच्या किंवा खालच्या आडव्या बाजूला ड्रिल लावू देऊ नकोस, कारण वाकण्याचा सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. चेसिस पेटीसारखी बंद असेल तर आरपार बोल्ट आवळताना तिच्या भिंती आत दबतात. त्यासाठी आत जाड बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणारी नळी, घालून मगच नट आवळायचा. बोल्ट 10.9 या मजबूत ग्रेडचा एम 12, म्हणजे 12 मि.मी. जाडीचा, घे आणि तो टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, साधारण 110 न्यूटन मीटरला लाव. चेसिसला मिठी मारणारे यू-बोल्ट सोपे वाटतात, पण एकदा बाजूने दणका बसला की ते सरकतात.

काम सुरू करण्याआधी चेसिसच्या आतल्या बाजूने हात फिरवून ब्रेकचे पाइप, इंधनाची नळी आणि वायरिंग कुठून गेले आहे ते खडूने बाहेर रेखून घे. टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते टाके, गाडीवरच मारावे लागतात, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेव आणि वेल्डिंगची अर्थिंग ज्या प्लेटवर टाका मारायचा तिलाच लाव, म्हणजे करंट गाडीच्या वायरिंगमधून आणि एअरबॅगच्या यंत्रणेतून फिरणार नाही. आमच्या एम.आय.डी.सी.तल्या मिस्त्रींची पद्धत मला फार आवडली. त्यांनी आधी पुठ्ठ्याचे फर्मे कापून चेसिसवर लावून पाहिले, दाराच्या कडेवरून ओळंबा सोडून बाहेरच्या पाइपाची रेघ जमिनीवर मारली, आणि प्रत्येक पायाला चारच टॅक देऊन सारा सांगाडा खाली उतरवला. पुढचे पूर्ण वेल्डिंग डावा आणि उजवा स्लायडर पाठीला पाठ लावून, क्लॅम्पने जखडून, एकदा इकडे एकदा तिकडे असे थोडेथोडे केले, त्यामुळे तापून पिळ बसला नाही आणि परत चढवताना भोके जिथल्या तिथे जुळली. पाइपाचे टोक दुसऱ्या पाइपावर बसवायला जे अर्धगोल कापावे लागते, ते त्यांनी होल-सॉने, म्हणजे गोल करवतीने, इतके नेमके कापले होते की सांध्यात नखसुद्धा शिरत नव्हते. तुझ्या मिस्त्रींनाही इथे घाई करू देऊ नकोस. फट मोठी राहिली की ती वेल्डिंगच्या मालाने भरली जाते आणि सांधा वरून भरीव दिसला तरी आतून कच्चा राहतो.

बाहेरचा पाइप किंचित वर उचललेला ठेव, म्हणजे जमिनीपासूनची मूळ 226 मि.मी. उंची पायांमुळे फारशी कमी होणार नाही. दोन्ही टोके तिरपी कापून प्लेटने बंद कर आणि खालच्या बाजूला पाणी निघायला छोटी भोके ठेव. आपल्याकडच्या पावसात हे फार महत्त्वाचे आहे. पावडर कोटिंग करू नकोस. दगडाने त्याचा टवका उडाला की उरलेल्या थराखाली पाणी शिरते आणि गंज दिसेपर्यंत बराच पसरलेला असतो. झिंक प्रायमर आणि वर साधा काळा इनॅमल दिला, की ओरखडा पडेल तिथे ब्रशने पुन्हा हात मारता येतो. माझ्या उजव्या स्लायडरच्या पोटाला बामणोलीकडच्या एका चढावर जांभ्याने घासून वीतभर लांब पट्टा उघडा पडला होता. पाइपावर खोल चर उमटला, तांबडी भुकटी त्यात बसली, पण पट्टीला आणि दाराला काही झाले नाही.

कायद्याचेही लक्षात घे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही, आणि डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड व बुल बार, म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेले लोखंडी दांडे, यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. म्हणून स्लायडर टायरांच्या बाहेरच्या रेषेपलीकडे अजिबात काढू नकोस, टोकेरी काही ठेवू नकोस, ते बोल्ट सोडून उतरवता येतील असेच कर, आणि काम देण्याआधी आर.टी.ओ.त व विमा कंपनीकडे विचारून घे. वाटेवर एखाद्या दुचाकीस्वाराचा पाय आपल्या पाइपाला लागू नये, ही काळजी कायदा नसता तरी घ्यायलाच हवी होती.

आणखी एक सांगतो, कारण मला त्याची मनापासून चिंता वाटते. स्लायडर बसले की माणसाला वाट सोडून सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, गाडी घालण्याचा मोह होतो. कासचे पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि तिथल्या जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की चाकाच्या एका फेरीने फुलांची जागा पुढची कित्येक वर्षे उजाड होते. तुझ्या बाजूला चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते. तिथे परवानगी असलेल्या वाटेवरच राहा.

पाऊस तोंडावर आला आहे, तेव्हा रंगकाम त्याआधी उरकायला हवे. स्लायडर चढवल्यावर पाच-सातशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपास, आणि नटावर व प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ मार, म्हणजे नट फिरला तर नुसते वाकून पाहिले तरी कळेल. दबलेली पट्टी मात्र स्लायडर बसवण्याआधी डेंटरकडून बाहेर काढून घे, नंतर हातोडीला जागा उरणार नाही.

माझ्या गाडीचे पुठ्ठ्याचे फर्मे मी जपून ठेवले आहेत. ते एस.टी. पार्सलने पाठवतो, पण आधी तुझ्या चेसिसवरच्या भोकांची मधल्या अंतरांसह मापे मला कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही