बालगृहातील स्वयंसेवकांसाठी सूचना

सर्व स्वयंसेवक सभासदांस कळविण्यात येते की, बालगृहात सेवेसाठी येताना ठरवून दिलेला वार आणि वेळ कृपया काटेकोरपणे पाळावी. शाळेतून आल्यावर खाणे, खेळ, अभ्यास आणि सायंप्रार्थना असा मुलांचा क्रम ठरलेला असतो. अभ्यासाच्या वेळी कोणी खाऊ घेऊन आले, की मिटलेल्या वह्या त्या दिवशी पुन्हा उघडत नाहीत. येणे जमणार नसल्यास आदल्या दिवशी गृहमातेस कळवावे, कारण लहान मुले फाटकाशी वाट पाहत उभी राहतात आणि ‘पुढच्या रविवारी नक्की येईन’ हे आपण सहज उच्चारलेले वाक्य ती पक्के लक्षात ठेवतात. पाळता येणार नाही असे आश्वासन कोणीही देऊ नये.

मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हे पुन्हा सांगावे लागत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १६ वे कलम मुलांच्या खासगीपणाला संरक्षण देते, आणि चेहरा झाकला तरी गणवेशावरून मूल ओळखू येते. त्याच कराराचे १४ वे कलम मुलांचे धर्मस्वातंत्र्य मान्य करते. त्यामुळे उपासनेत सहभागी होण्यासाठी कोणत्याही मुलावर दबाव आणू नये. घरच्यांविषयीही खोदून विचारू नये. मूल आपणहून बोलले तर शांतपणे ऐकावे.

भेटवस्तू परस्पर न वाटता कार्यालयात जमा कराव्यात. नाताळात खेळण्यांचा ढीग पडतो, एरवी मात्र साबण आणि वह्यांची चणचण असते, याचा खरेदीपूर्वी विचार व्हावा.