मुक्काम वाढलाय, रागावू नका

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन तिच्याच हातात देतात, म्हणून लिहितेय. मेलबर्नचं काम, म्हणजे नामशेष झालेला थायलसीन (टास्मानिया बेटावरचा लांडग्यासारखा, पिल्लं पिशवीत वाढवणारा प्राणी) परत आणायचं, आणखी तीन वर्षांसाठी घेतलंय. सही करून झालीय.

बाबा, "मेलेलं उठवण्यापेक्षा आहे ते जगवा," हे तुमचं म्हणणं पटतं हो. पण थायलसीन काय आपोआप संपला? मेंढ्या मारतो म्हणून टास्मानियाच्या सरकारने १८८८ पासून तो मारणाऱ्याला एक पौंड बक्षीस दिलं. संरक्षण मिळालं १९३६ च्या जुलैत, आणि सप्टेंबरात होबार्टला पिंजऱ्यात शेवटचा गेला. आता त्याची जिवंत पेशी कुठेच नाही, म्हणून नुसत्या क्लोनिंगने भागत नाही. त्याच्या नात्यातला डनार्ट, उंदराएवढा. डनार्टच्या पेशीतला डीएनए थायलसीनसारखा बदलत न्यायचा आणि मग ते केंद्रक अंडपेशीत घालायचं.

स्पेनमध्ये शेवटच्या बुकार्दो रानशेळीच्या पेशी ती जिवंत असतानाच गोठवल्या होत्या. तरी २००३ साली शेळीच्या पोटी जन्मलेलं तिचं पिल्लू काही मिनिटांतच गेलं, फुप्फुसात दोष होता. (आई, हे वाचून हळहळत बसू नकोस.) तेव्हा तीन वर्षांत जनावर उभं राहील असं मी म्हणतच नाही.

पण हीच विद्या जिवंतांनाही लागते. उसातली हुमणी मरावी म्हणून १९३५ साली क्वीन्सलंडात विषारी बेडूक आणून सोडले. हुमणी राहिली बाजूला, ते बेडूक खाऊन इथले क्वोल (मांजराएवढे, पिशवीवाले शिकारी प्राणी) मरतायत. डीएनएत छोटा बदल करून त्यांना ते विष सोसेल का, ते बघतायत. हुमणीचं दुखणं तुम्हाला मी काय सांगणार!

जेवणाचं नीट आहे. भाकरी थापते, पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळतं. थंडीला आईची गोधडी पुरते. डनार्टची पिल्लं आईच्या पिशवीत, तांदळाच्या दाण्याएवढी, आचळाला चिकटलेली असतात. ती बघताना कपिलीचं वासरू आठवतं. आई, तू त्याला चुलीपाशी घेऊन बसायचीस आणि मी तुझ्या पदरात झोपायचे.

दिवाळीला येतेय, तिकीट काढलंय. तोवर गीझर बसवून घ्या, पैसे दादाकडे दिलेत. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणला. बाबा, साखर महिन्याला तपासायची, चहा बिनसाखरेचा. आणि रात्रीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला तुम्ही जायचं नाही, गड्याला पाठवायचं. मी दादाला विचारणार आहे.

तुमची,
सुमी