तळाशी कोण राहतं?

रामबाग, इंदूर

प्रिय सुध्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून चिडला असशील. चीड. गुडघा तसाच, साखर आटोक्यात, सरोज बरी.

मुक्ताला चेन्नईत नोकरी लागली. पेढे वाटून झाल्यावर रात्री तिने काम काय ते सांगितलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. इथे कुणाला सांगू? मुलीला चांगला पगार आणि बापाला समुद्राच्या तळाची काळजी! रिकामटेकडा म्हणतील.

तर, हिंदी महासागरात पाचेक किलोमीटर खाली चिखलावर काळे गोटे पडलेत, बटाट्याएवढे. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडून आपल्याला तिथला 75,000 चौरस किलोमीटरचा पट्टा शोधासाठी मिळालाय. व्यापारी खोदकाम अजून सुरू नाही, पण यंत्रं तयार होताहेत. 2021 मध्ये 'वराह' नावाचं आपलं यंत्र 5,270 मीटरवर चालवून पाहिलं. (पूर्वीच्या वराहाने अख्खी पृथ्वी वर काढली होती, हा गोट्यांवर भागवणार.) असं यंत्र चिखलात रुतू नये म्हणून त्याचे पट्टे कसे असावेत, ते मुक्ता बघणार.

मी विचारलं, तिथे जीव असतील ना गं? म्हणाली, "बाबा, तिथे कोणी राहत नाही."

मग मी वाचत बसलो. हा गोटा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो, कधी शार्कच्या दाताभोवतीसुद्धा. त्या गाळात पाय रोवायला टणक जागा तेवढीच, म्हणून देठाचे स्पंज त्यावर उभे राहतात. पेरूजवळच्या खोल समुद्रात एक ऑक्टोपस दिसला, मेलेल्या स्पंजच्या देठाला अंडी चिकटवून त्यांना कवटाळून बसलेला. गोटा उचलला की देठ गेला, अंडी गेली. तिथेच 1989 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी, खोदकामाने तळाचं काय होतं ते पाहायला, मुद्दाम नांगर फिरवला होता. 2015 मध्ये जाऊन पाहिलं तर सऱ्या जशाच्या तशा.

हे मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुमच्या ई-स्कूटरची बॅटरी? कांगोत कोबाल्टच्या खाणीत लहान मुलं राबतात, ते चालतं?" मी चहा करायला उठलो.

2004 मध्ये हरसूद धरणात बुडणार म्हणून तू तिथलं घर स्वतःच्या हाताने पाडून आलास आणि इथल्या सराफ्यात रात्री खाता खाता मी म्हणालो होतो, देशाला वीज लागतेच. तू भुट्ट्याचा कीस तसाच टाकून गेलास. पैसे मीच दिले. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही, उगाच खूश होऊ नकोस. पण तेव्हा निदान भांडायला तू समोर होतास. तुला मोबदला कमी का होईना मिळाला, छनेऱ्याला प्लॉट मिळाला. त्या ऑक्टोपसच्या वतीने सराफ्यात कोण उठून जाणार? तिला नोकरी सोड म्हणायची माझी छाती नाही, आणि नुसता अभिमानही वाटत नाही.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? तुझा अंक मिळाला, वाचतो.

मुक्ता जाण्याआधी तुझ्याकडे येतेय. धरणाचं पाणी उतरलं असेल तर तिला जुन्या हरसूदला ने. यंत्रावरून हवं तेवढं भांड तिच्याशी, सराफ्यातलं मात्र काढू नकोस. आणि वहिनींना सांग, ती अजून तिखट खात नाही.

तुझा,
अव्या