मोझांबिकच्या तुरीची वेळ ठरवा: केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी, घरची तूर पिढ्यानपिढ्यांची. मोझांबिकची तूर आणूच नका, असं माझं म्हणणं नाही.

२०१५ साली शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली आणि जुलै २०१६ मध्ये आपण मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. नेमकी त्याच हंगामात आपल्याकडे तूर उदंड पिकली. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये, मोंढ्यात त्याहून बराच कमी. आमचा ट्रॅक्टर खरेदी केंद्राबाहेर आठ दिवस उभा होता. वडील रात्री पोत्यांवरच झोपायचे. मग ऑगस्ट २०१७ मध्ये करारातला माल वगळून तुरीच्या आयातीवर २ लाख टनांची मर्यादा आली. तिकडे मोझांबिकच्या नांपुला, झांबेझिया प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी आपल्याच भरवशावर पेरा वाढवला होता. ते स्वतः तूर फारशी खात नाहीत. मोठं गिऱ्हाईक एकटा भारत. भाव कोसळले. ती बातमी वाचताना मला वडिलांची पोतीच दिसत होती.

खरं तर दोघांचे हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत. त्यांची काढणी जुलै ते सप्टेंबरात, तेव्हा आमची तूर रानात उभी असते. तो माल दिवाळीपर्यंत उतरला तर डाळमिलवाल्यांना हवाच असतो. पण २०२३ च्या अखेरीस तिथल्या निर्यातदारांच्या वादात नाकाला नावाच्या बंदरात माल अडकला. असा अडकलेला माल उशिरा निघाला, की आमची रास व्हायला आणि तो बाजारात यायला एकच गाठ पडते.

२०२१ मध्ये करार २ लाख टनांवर आणखी पाच वर्षांसाठी वाढवला आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयातही मुक्त केली. या मुक्त आयातीची मुदत पुढे वाढतच गेली. मग करारातल्या कोट्याला अर्थ काय उरला?

पुढच्या करारात डिसेंबर ते मार्च माल उतरणार नाही, असं स्पष्ट लिहा. आयातीचं धोरण मे महिन्यातच जाहीर करा आणि निदान तीन वर्षं बदलू नका. त्यांची पेरणी पावसाळा लागल्यावर, डिसेंबरच्या सुमारास असते. त्यांनाही ते वेळेत कळू द्या. बंदरात माल अडला तर दोन्ही सरकारांनी किती दिवसांत तोडगा काढायचा, तेही ठरवा.

मिरगाआधी उत्तर मिळालं, तर यंदा किती एकरांत तूर घ्यायची हे मला ठरवता येईल.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक तूर उत्पादक