लष्करी न्यायाधिकरण : दोन खुर्च्या आणि अडीचशे किलोमीटर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली. याच पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या पोरे फौजेत जातात. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. पण पेन्शन, बढती, बडतर्फी किंवा कोर्ट मार्शलची शिक्षा यांविरुद्ध दाद मागायची झाली, तर जवानाला कोल्हापुरात सुरुवात करता येत नाही. त्याला आधी सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, फौजी भाषेत ‘एएफटी’त, जावे लागते. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या तिन्हींसाठी त्याचे एकच खंडपीठ आहे, मुंबईत. साताऱ्याहून एका तारखेला जायचे म्हणजे एका बाजूने अडीचशे किलोमीटर.

हे न्यायाधिकरण सहजासहजी मिळालेले नाही. कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरलेल्याला अपिलाची एकही संधी नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी खटल्यात खंत व्यक्त केली होती. तोवर सेना कायद्याच्या कलम १६४ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, नाहीतर उच्च न्यायालयात रिट घालायचे, एवढेच मार्ग होते. ब्रिटन आणि अमेरिकेत लष्करी अपील न्यायालये १९५१ मध्येच उभी राहिली होती. आपल्याकडे विधी आयोगाचा १६९ वा अहवाल १९९९ मध्ये आला, कायदा २००७ मध्ये झाला आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते न्यायाधिकरणाचे उद्‌घाटन झाले.

आता मुद्द्याचे. कायद्याने प्रत्येक खंडपीठात दोघे बसतात : एक न्यायिक सदस्य, म्हणजे उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, आणि एक प्रशासकीय सदस्य, म्हणजे मेजर जनरल किंवा त्यावरच्या हुद्द्यावर एकूण तीन वर्षे काढलेला अधिकारी (नौदल-हवाई दलातला समकक्ष, किंवा किमान एक वर्ष जज अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे सेनेच्या विधी शाखेचा प्रमुख, राहिलेला). ही जोडी विचारपूर्वक ठरवलेली आहे. एकाला पुरावा आणि कायदा कळतो, दुसऱ्याला युनिटमध्ये कागद कसा फिरतो ते कळते. पण दोघांपैकी एक खुर्ची रिकामी झाली की खंडपीठ थांबते. दिल्ली, चंडीगड आणि लखनौ येथे प्रत्येकी तीन खंडपीठे मंजूर आहेत, त्यामुळे तिथे एक सदस्य गेला तरी उरलेल्यांची जोडी लावता येते. मुंबई, जयपूर, कोलकाता, गुवाहाटी, चेन्नई, कोची, जबलपूर आणि श्रीनगर येथे एकेकच खंडपीठ आहे. तिथे जोडीला दुसरे कोणी उरतच नाही. मग अध्यक्ष दुसऱ्या शहरातला सदस्य काही दिवसांसाठी पाठवतात, आणि ते इकडे बसले की त्यांच्या मूळ खंडपीठातल्या तारखा पुढे ढकलल्या जातात.

ही रिक्त पदे अचानक होत नाहीत. २०२१ च्या कायद्याने नेमणूक चार वर्षांची, सदस्याची वयोमर्यादा ६७ ठरवली होती. कोणती खुर्ची कोणत्या तारखेला रिकामी होणार हे शपथेच्या दिवशीच ठाऊक असते. तरीही जाहिरात, अर्ज, सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेल्या न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील शोध व निवड समिती, पडताळणी आणि शेवटी मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची मान्यता, ही साखळी वेळेत पुरी होत नाही. ही चार वर्षांची मुदत हेच मूळ दुखणे ठरले. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, मेजर जनरल ५८ व्या. चांगला माणूस एवढ्या अल्प मुदतीसाठी घर हलवायला तयार होत नाही, आणि जो येतो त्याला लष्करी पेन्शनचे नियम अंगवळणी पडेपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते. न्यायाधिकरणाच्या सदस्यांची मुदत पाच वर्षे हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा सांगितले. लगेच ऑगस्टमध्ये संसदेने तीच चार वर्षे नव्या कायद्यात घातली, आणि १९ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाला त्या तरतुदीही रद्द कराव्या लागल्या. सरकारने आता हा वाद ताणू नये.

दुसरी गोष्ट मंत्रालयाची. एएफटीपुढच्या जवळपास प्रत्येक प्रकरणात प्रतिवादी असते संरक्षण मंत्रालय, आणि न्यायाधिकरणाचा निधी, कर्मचारी व नेमणुकांची फाइल हलवतेही तेच मंत्रालय. न्यायाधिकरणे कायदा मंत्रालयाच्या देखरेखीखाली असावीत, असे एल. चंद्रकुमार खटल्यात १९९७ मध्येच सुचवले गेले होते. एएफटीबाबत पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसा आदेशही दिला. अमेरिकेत लष्करी अपील न्यायालयाचे पाचही न्यायाधीश नागरी क्षेत्रातले असतात, मुदत पंधरा वर्षे असते, आणि नियमित सेनेतल्या अधिकाऱ्याला सेवा सोडल्यावर सात वर्षे होईपर्यंत तिथे बसता येत नाही. आपल्याकडचा प्रशासकीय सदस्य काढून टाका असे आम्ही म्हणत नाही, त्याच्या अनुभवाचा जवानाला अनेकदा फायदाच होतो. पण त्याची फाइल त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पक्षकाराच्या टेबलावरून जाऊ नये.

हे सगळे जवानाच्या खिशात कसे उतरते ते डिसॅबिलिटी पेन्शनवरून कळेल. समजा, एक हवालदार २०२० मध्ये रक्तदाब घेऊन घरी आला. रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या, कागदावर अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी, असे लिहिलेले असते. त्याच कागदावर पुढच्या रकान्यात ‘सेवेमुळे झाला नाही, सेवेमुळे वाढलाही नाही’ एवढी एक ओळ असते आणि तिथेच पेन्शन अडते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरायचे आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, हे धरमवीर सिंग निकालाने २०१३ मध्ये ठरले. ५० च्या आतले टक्के ५० धरायचे, हे राम अवतार निकालाने २०१४ मध्ये. शेवटचा पगार ४०,००० असेल तर शंभर टक्के अपंगत्वाचा हिशेब त्याच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. त्याचे ५० टक्के, म्हणजे महिना ६,००० आणि वर महागाई भत्ता. (सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी हा हिशेब तसाच धरू नये.)

इथे चूक होते ती वाट पाहण्यात. बोर्डाच्या निर्णयावर सहा महिन्यांत पहिले अपील करायचे असते. त्यावर सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम २१ नुसार एएफटीचा रस्ता मोकळा होतो, आणि तिथून पुढे कलम २२ ची सहा महिन्यांची मुदत सुरू होते. पुष्कळ माजी सैनिक मात्र रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेचे कागद ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, पत्रामागून पत्र लिहीत राहतात. अशा पत्रांनी मुदत वाढत नाही. पेन्शनचा दावा उशिरा लावला तरी बुडत नाही, पण तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्यापुढच्या उशिराचा प्रत्येक महिना म्हणजे वरच्या हिशेबातले सहा हजार कायमचे गेले. बोर्डाची प्रत, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आणि अपील फेटाळल्याचे पत्र एवढे कागद हाताशी ठेवावेत. बोर्डाची प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागावी. निवृत्ताला आपण राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करता येतो. सेवेतल्याने मात्र साधारणपणे तैनातीच्या जागेचे खंडपीठ पाहायचे.

कायद्यातच एक भोक आहे, तेही बुजवायला हवे. समरी कोर्ट मार्शल कमांडिंग ऑफिसर एकटाच चालवतो, आरोपीला वकील मिळण्याचा हक्क नसतो, आणि निकालाला वरून मान्यता लागत नाही. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा सीओ एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. तरी एएफटीपुढे फक्त बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झालेलाच येऊ शकतो. फीत उतरवून नायकाचा शिपाई केला, तर ती व्यक्ती कायद्याच्या शब्दांत बसत नाही. जिथे प्रक्रियेचे रक्षण सर्वांत कमी, तिथेच अपील बंद, हे उलटे आहे.

निकाल लागल्यावरही काम संपत नाही. आदेशाला काही महिन्यांची मुदत असते, ती उलटली की कलम २९ खाली अंमलबजावणीचा वेगळा अर्ज, म्हणजे पुन्हा तारखा. अवमानाचे कलम १९ खंडपीठाचा अपमान वा कामात अडथळा एवढ्यापुरते लिहिलेले आहे, आदेश न पाळणाऱ्याबद्दल त्यात स्पष्ट शब्द नाहीत. सर्वोच्च न्यायालयात जायला सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा दाखवावा लागतो, सहा हजारांच्या पेन्शनमध्ये तो क्वचितच असतो. २०१५ च्या एका निकालाने उच्च न्यायालयाचा मार्गही जवळजवळ बंद केला होता. २१ मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालाने तो पुन्हा खुला झाला, हा मोठाच दिलासा.

आमचे मागणे करता येण्याजोगे आहे. सदस्याची मुदत संपण्याच्या वर्षभर आधी जाहिरात निघावी आणि नवा सदस्य येईपर्यंत जुन्याला काम चालू ठेवू द्यावे. चंडीगडचे खंडपीठ सिमल्याला, लखनौचे नैनितालला बसते, तसे मुंबईच्या खंडपीठाने पुणे, कोल्हापूर आणि नागपूर येथे वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केलेल्या तारखांना बसावे. कोल्हापुरात तर न्यायालयाची इमारत आता तयारच आहे. आणि प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक स्कॅनर, एक जाणता लिपिक आणि आठवड्यातला एक दिवस अर्ज ऑनलाइन भरून देण्यासाठी राखून ठेवावा. सत्तरी ओलांडलेल्या जवानाला आणि त्याच्या पश्चात वीरपत्नीला निदान पहिला कागद आपल्याच जिल्ह्यात देता येईल.

आपले,
माजी सैनिकांच्या पेन्शन प्रकरणांत काम करणारे काही वकील, सातारा