साठ दिवस ही मुदत, परवानगी नव्हे

महोदय,

अमेरिकेने कुठे बॉम्बफेक केली की 'अमेरिकेच्या अध्यक्षांना काँग्रेसला (तिथल्या संसदेला) न विचारता साठ दिवस युद्ध करता येते' हे वाक्य बातमीत हमखास येते. 1973 चा युद्धाधिकार कायदा असे म्हणत नाही. त्याच्या कलम 2 नुसार सरसेनापती म्हणून अध्यक्ष सैन्य लढाईत उतरवू शकतात ते तीनच प्रसंगी: काँग्रेसने युद्ध पुकारले असेल, कायद्याने तशी मुभा दिली असेल, किंवा अमेरिकेवर वा तिच्या सैन्यावर हल्ला होऊन आणीबाणी ओढवली असेल. (हे कलम निव्वळ धोरण सांगते, बांधून ठेवत नाही, असे व्हाइट हाउस म्हणत आले आहे.) या कायद्याने अध्यक्षांना कोणताही नवा अधिकार मिळत नाही, हेही त्यातच लिहिले आहे.

काँग्रेसने मंजुरी दिली नाही, तर साठ दिवसांत लढाई थांबवायची, ही ती मुदत. खरी मेख हे साठ दिवस कधीपासून मोजायचे यात आहे. सैन्य पाठवल्यावर 48 तासांत काँग्रेसला लेखी अहवाल द्यावा लागतो. पण अहवाल तीन प्रकारचे. 'लढाई सुरू झाली आहे किंवा तोंडावर आली आहे' या प्रकारालाच मुदत लागू होते. म्हणून अध्यक्ष अहवालात त्या प्रकाराचे कलम लिहायचेच टाळतात. 'कायद्याच्या अन्वये' ऐवजी 'कायद्याशी सुसंगत' असे मोघम शब्द घालतात. कलमाचा स्पष्ट उल्लेख अध्यक्ष फोर्ड यांनी मात्र केला, 1975 मध्ये कंबोडियाने पकडलेले मायाग्वेझ हे अमेरिकी जहाज सोडवताना. अहवाल गेला तोवर कारवाई आटोपलीही होती. 2011 मध्ये लीबियात साठ दिवस उलटले, तेव्हा ओबामा प्रशासनाने 'याला लढाई म्हणता येत नाही' असा पवित्रा घेतला. विमाने बॉम्ब टाकतच होती.

मूळ कायद्यात दोन्ही सभागृहांच्या साध्या ठरावाने, अध्यक्षांच्या सहीविना, सैन्य परत बोलावता येत होते. केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या जगदीश चढ्ढा यांच्या हद्दपारीच्या खटल्यात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने सहीविना चालणारे असे ठरावच घटनाबाह्य ठरवले. प्रकरण इमिग्रेशनचे, पण त्यात हाही दात पडला. आता ठरावाला अध्यक्षांची सही लागते, आणि ती देतील कशाला? येमेनच्या युद्धातून अमेरिकी सैन्य काढून घेण्याचा ठराव 2019 मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केला, ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन तृतीयांश मते हवी होती; सिनेटमध्ये पडली 53 विरुद्ध 45.

तेव्हा यापुढे बॉम्ब कधी पडले याबरोबरच अहवाल कोणत्या तारखेला गेला आणि त्यात शब्द कोणते होते, तेही बातमीत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक