पुठ्ठ्याला थर्माकोल समजू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०१८च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, त्यात सजावटीचा थर्माकोलही आला. उत्पादक न्यायालयात गेले, पण गणपतीच्या मखरांसाठी सवलत काही मिळाली नाही. त्यानंतर बाजारात दोन गोष्टी झाल्या. एक, ‘इकोफ्रेंडली’ची चिठ्ठी लावून सनबोर्ड आणि फोमशीटची मखरे विकायला आली. सनबोर्ड हा पीव्हीसीचा फोम आहे, म्हणजे प्लास्टिकच. त्याला पर्याय म्हणणे ही शुद्ध धूळफेक झाली. दुसरी गोष्ट, हौशी मंडळी पुठ्ठ्याकडे वळली. ते चांगलेच, पण घरोघरी तिसऱ्या दिवशी माना टाकलेले खांब आणि पोट काढलेल्या कमानी दिसतात आणि दोष मात्र पुठ्ठ्याच्या माथी मारला जातो. दोष आराखड्याचा असतो. थर्माकोलसाठी काढलेला आराखडा पुठ्ठ्यावर लादला की असेच होणार.

थर्माकोल हा ठोकळा आहे. तो कोरता येतो, घासता येतो आणि पाणी पीत नाही. म्हणून त्यात घुमट, नक्षीदार खांब, वेलबुट्टी निघाली. पुठ्ठा हा पत्रा आहे. तो कापायचा, दुमडायचा आणि थरावर थर चढवायचा. त्याला शोभणारे वास्तुशिल्पही थरांचेच हवे, आणि ते मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवर उभे आहे. चर्चगेटचे इरॉस बघा. शोराबजी भेदवार यांनी आखलेले हे चित्रपटगृह १९३८ साली उघडले. कोपऱ्यावर टप्प्याटप्प्याने चढत जाणारा मनोरा, सरळ उभ्या-आडव्या रेषा, थोडा आग्ऱ्याचा लाल दगड आणि बाकी मलई रंग. यातला प्रत्येक अवयव पट्टी, चौकट किंवा खोके यांतून बनतो. कोरावे लागेल असे जवळपास काही नाही. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या बाजूच्या आर्ट डेको, म्हणजे अशाच सरळ रेषा आणि पायऱ्यांच्या शैलीतल्या, इमारतींना २०१८ सालीच जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी थर्माकोल गेला, हा योगायोग कुणी मनावर घेतला नाही एवढेच.

मुंबईच्याच रीगल चित्रपटगृहाचे (१९३३) उदाहरण तर मखरासाठीच घडवल्यासारखे आहे. त्याच्या प्रेक्षागृहात कार्ल शारा या चेक कलावंताने फिकट नारिंगी आणि हिरव्या रंगात सूर्यकिरणांची रचना केली होती. आपल्या देवाच्या मागे प्रभावळ असते, ती याहून वेगळी काय? उलट जयपूरचे राज मंदिर चित्रपटगृह (१९७६) पाहा. ते वामन नमजोशी यांनी आखले. मुंबईच्या लिबर्टीची (१९४९) अंतर्गत सजावटही त्यांचीच. राज मंदिर सगळे लाटांच्या वळणांचे, डोळ्यांना सुख देणारे, पण प्लास्टरचे काम. ते पुठ्ठ्यात उतरवायला जाऊ नका.

दुसरा धडा सिनेमाच्या नेपथ्याचा. मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर हे आधी नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमात आल्यावर त्यांनी निव्वळ रंगवलेल्या पडद्यावर न थांबता खोली असलेले, वावरता येईल असे सेट उभे केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या साहेबमामा फत्तेलालांनी तीच रीत प्रभात फिल्म कंपनीत नेली. सेटची भिंत पुढून किल्ल्याची आणि मागून चौकट, ताणलेले कापड आणि तिरक्या टेका. मखरही तसेच असावे. पुढचा पुठ्ठा दिसण्यापुरता, भार पेलणारा सांगाडा मागे. मूर्तीचे वजन मात्र पुठ्ठ्यावर कधीच नको, ते चौरंगाने घ्यावे आणि मखर चौरंगाला न टेकता स्वतंत्र उभे राहावे.

आता माल. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचे खोके रद्दीवाल्याकडे मिळते, ते बहुधा ५ प्लाय (पाच थरांचे), सहा-सात मिलिमीटर जाडीचे असते. सांगाड्याला हे, दर्शनी पट्ट्यांना ३ प्लाय. खोके आडवे कापण्याआधी पन्हळ, म्हणजे आतला नागमोडी थर, कोणत्या दिशेला जाते ते पाहा. पन्हळ उभी असेल तर पुठ्ठा वजन झेलतो, आडवी असेल तर आठवडाभरात बसतो. ‘खांब वाकला’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. गोल कोपरा करतानाही पन्हळ उभीच हवी, म्हणजे ताकद आणि वळण दोन्ही एकाच दिशेला मिळतात. वळणाच्या आतल्या बाजूने दर सेंटिमीटरला चमच्याच्या दांड्याने रेघ दाबायची, कापायची नाही. कापले की बाहेरचा कागद त्या रेघेवर मोडतो आणि गोलाईऐवजी पैलू दिसतात.

कटर १८ मिलिमीटर पात्याचा, पट्टी स्टीलची. ५ प्लाय एका झटक्यात कापायला गेलात तर पन्हळ चेपते. तीन-चार हलक्या ओढी द्या आणि पात्याचे टोक वरचेवर मोडून नवे घ्या. आपण पात्यात दोन रुपये वाचवतो आणि सगळ्या कडा कुरतडल्यासारख्या करून ठेवतो.

फूटभर, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या मूर्तीसाठी एक माप देतो. मागचा फलक ९० सेंमी रुंद. किरणांचे केंद्र चौरंगाच्या पाटीपासून २४ सेंमी वर, म्हणजे साधारण मुखाच्या पातळीवर. तिथून ४५ सेंमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढा आणि त्याचे १५ भाग करा, प्रत्येकी १२ अंश. एका किरणाची बाहेरची रुंदी ९.४ सेंमी येते. संख्या विषम ठेवायची, म्हणजे एक किरण बरोबर मुकुटाच्या वर उभा राहतो. दुसरा, चौथा, सहावा असे सम किरण उचललेले आणि विषम किरण सपाट ठेवले, तर आठवा, मधला, उचललेला येतो. उलट केलेत तर मुकुटामागे खड्डा दिसेल. उचलण्यासाठी मागे दीड सेंमीच्या पट्ट्या. सगळी टोके केंद्रात नेऊ नका. सात टोके एका बिंदूवर आली की तिथे थरांचा गोळा होतो आणि फलक पुढे झुकतो. टोके सहा सेंमी आधीच छाटून वर दहा सेंमी त्रिज्येची अर्धचकती बसवा. याच चकतीमागे उबदार पांढऱ्या एलईडी पट्टीचा तुकडा लपतो आणि उजेड किरणांवरून सरपटत बाहेर जातो. पट्टी गुंडाळी करून कोंबू नका, तापते. अडॅप्टर मखराच्या बाहेर ठेवावा.

दोन्ही बाजूंचे मनोरे तीन खोक्यांचे: १८ सेंमी चौरस आणि उंची ३६, १३ सेंमी चौरस आणि उंची ४८, ८ सेंमी चौरस आणि उंची ६०. हे एकावर एक रचायचे नाहीत, एकात एक घालायचे. प्रत्येक आतले खोके थेट तळापर्यंत आले पाहिजे. रचलेले मनोरे आरतीच्या धक्क्यात कलतात, एकात एक घातलेले हलत नाहीत. पुठ्ठा जास्त लागतो, पण तो फुकटचाच आहे. खोक्यांमधल्या फटीला वरून आणि तळाशी चौकोनी चकती, म्हणजे पायरी तयार झाली. दर्शनी बाजूला तीन आडव्या पट्ट्या जवळजवळ लावल्या की आर्ट डेकोचा शिक्का उमटतो. चौथी लावायचा मोह टाळा. एकंदर रुंदी सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास भरते.

जोडताना ब्राउन सेलोटेप वापरू नये. त्याच्यावर रंग धरत नाही आणि भाद्रपदाच्या दमट हवेत तो स्वतःच सुटतो. कापलेल्या कडांना, जिथे पन्हळीची भोके दिसतात, खाकी गमटेप किंवा खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावा. खळ अशी: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचे. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, त्याने झुरळे-कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा घरात लहान मुले असतील तर ते न घालता खळ दोन दिवसांत संपवा. ग्लू-गन टाचण्यापुरती ठीक, धुळकट पुठ्ठ्यावरून तिचा गोंद सोलून येतो. खोक्याची छापील चकचकीत बाजू आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी.

सर्वांत जास्त मखरे बिघडतात ती रंगवताना. पन्हळी पुठ्ठा मुळात स्टार्चच्या डिंकाने चिकटवलेला असतो. पाण्याचा रंग सढळ हाताने मारला की वरचा कागद सैल होतो, वाळताना दोन पन्हळींमध्ये आत ओढला जातो आणि सपाट भिंतीवर कपडे धुण्याच्या फळीसारख्या रेघा उठतात. शिवाय एकाच बाजूला कागद किंवा रंग चढवला तर ती बाजू वाळताना आकसते आणि अख्खा फलक धनुष्यासारखा वाकतो. म्हणून आधी एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी यांचा पातळ हात दोन्ही बाजूंना द्या, फलक उभा ठेवून वाळवा, पुढे जितके कागद चिकटवाल तितकेच मागे चिकटवा. पाठीमागे कोण बघणार, असे म्हणून हे टाळले की तीच पाठ सगळ्यांना दिसू लागते.

रंग तीनच पुरेत. पांढऱ्या डिस्टेंपरात चिमूट पिवडी (पिवळी माती) टाकली की इरॉसची मलई. त्याच पातळ फेव्हिकॉलात कालवलेला गेरू म्हणजे आग्ऱ्याचा दगड, आणि किरणांसाठी एक फिका हिरवा. गेरू नुसत्या पाण्यात कालवला तर आरतीला आलेल्या प्रत्येकाच्या बाहीला लागतो. सोनेरी चमकीपासून लांब राहा. ती प्लास्टिकची असते आणि एका मुठीने सगळा पुठ्ठा रद्दीवाल्याला नकोसा होतो. सावल्या रंगवू नका, पायऱ्या त्या आपोआप पाडतात. रंगवलेली सावली एका दिशेला आणि एलईडीची दुसऱ्या, असे झाले की डोळा लगेच फसवणूक पकडतो.

आगीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ७० ग्रॅम टाकणखार आणि ३० ग्रॅम बोरिक पावडर (कॅरमवर टाकतो तीच) एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून, रंगाच्या आधी, पुठ्ठ्याच्या मागून आणि खोक्यांच्या आतून हलके दोनदा फवारावे, मध्ये पूर्ण वाळू द्यावे. चिंब केलेत तर थर सुटतील. याने पुठ्ठा पेटायला वेळ घेतो, अग्निरोधक होत नाही. निरांजन आणि समई मखराच्या चौकटीबाहेर, चौरंगापुढेच राहिली पाहिजेत. मखराच्या तळाला दोन सेंमी जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोका. फरशी पुसताना पाणी कडेतून वर चढते आणि मनोरा पायापासून मऊ पडतो.

वेळेचे गणित उलटे मांडावे. शेवटचा रंग चतुर्थीच्या चार दिवस आधी संपला पाहिजे, कारण पावसात पुठ्ठा वाळायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ घेतो. कागदाच्या लगद्याची नक्षी हवीच असेल तर तीन-चार मिलिमीटरहून जाड थापू नका, आतून ओली राहून तिला बुरशी धरते.

हे सगळे घरच्या घरी जमण्याजोगे आहे. अडते ते स्पर्धांमध्ये. मखर स्पर्धांचे परीक्षक समोरून काढलेला एक फोटो बघतात आणि त्या फोटोत सनबोर्डचा गुळगुळीत घुमट पुठ्ठ्याच्या पायऱ्यांवर नेहमीच मात करतो. आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी स्पर्धा घेताना तीन फोटो मागावेत: पुढचा, पाठीमागचा आणि विसर्जनानंतर मखर सुटे करून घडी घातलेला. सनबोर्डची पाठ आणि घडी दोन्ही लगेच ओळखू येतात. यंदाच्या प्रवेशिकेत एवढी एक ओळ वाढवता येईल का?

आपला,
नेपथ्यकामातला एक वाचक
गिरगाव, मुंबई